पंधरा मिनिटांच्या नूडल्स

३ मार्च

नवी वही. हिची जागा तांदळाच्या डब्यावर, कारण घरात सपाट आणि कोरडी जागा तेवढीच आहे. मैत्रिणी आपापल्या वह्या गादीखाली नाहीतर कुलपात ठेवतात. मला ती कटकट नाही. आमच्या घरात वाचणारी मी एकटी. दादा चौथीपर्यंत गेला, पण सामन्याचे आकडे सोडून तो काही वाचत नाही, आणि आईला अक्षरओळख नाही. माझ्या सगळ्या प्रगतिपुस्तकांवर तिचा अंगठा आहे. तेव्हा इथे काहीही खरं लिहिता येतं. उदाहरणार्थ, आईचा चहा इतका गोड असतो की त्यात चमचा उभा राहावा. मी तो वर्षानुवर्षं निमूट पिते आहे, कारण दिवसभर लाँड्रीत इस्त्री करून ती घरी येते आणि पहिला कप मलाच देते. हे मी तिला जन्मात सांगणार नाही.

आज मॅडमनी बोलावलं. आमची कंपनी तांदळाच्या नूडल्स करते आणि मी 'मजकूर विभागात' आहे. विभाग म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि मी. पाकिटाच्या मागच्या बाजूला काय छापायचं ते मी लिहायचं. दोन महिन्यांत माझ्या हातून दोन ओळी झाल्या: 'थंड व कोरड्या जागी ठेवा' आणि 'येथे फाडा'. दुसऱ्या ओळीची मी पाकिटं फाडून खात्री केली. तिसरं पाकीट भलतीकडेच फाटलं, तसं मी लेखी कळवलं. मॅडम म्हणाल्या, "तू अशीच असणार, मला मुलाखतीतच वाटलं होतं." हे कौतुक होतं की काय, अजून कळलेलं नाही.

आता नवं पाकीट येतंय: झटपट शाकाहारी थाई नूडल्स. पुढची बाजू छापूनसुद्धा झाली. चित्रकारांनी ताटली काढली आहे, वाफ काढली आहे, आणि कोपऱ्यात घड्याळ: १५ मिनिटे. मागची बाजू कोरी आहे. तिथे मी आठ ओळींत कृती लिहायची आणि ३१ तारखेपर्यंत पडताळणी पत्रक भरून आणायचं. ३१ लाच माझे चाचणीचे तीन महिने संपतात.

"हे नीट पार पडलं की तुला कायम करून टाकू," मॅडम म्हणाल्या.

"आणि नाही पडलं तर?"

"नाही कसं पडेल? नूडल्सच करायच्यात ना!"

पत्रकावर लिहिलंय: 'मी कंपनीत कामाला नाही. पाकिटावरील मजकूर स्वतः वाचून, कोणाच्याही मदतीशिवाय, मी हा पदार्थ घरी केला. लागलेला वेळ ___ मिनिटे. सही.' मी ते चार वेळा वाचलं. मॅडम म्हणाल्या, आजवर कुणी एकदाही वाचलेलं नाही.

५ मार्च

कंपनीच्या आचाऱ्याने मला पदार्थ करून दाखवला. नूडल्स गरम पाण्यात भिजवायच्या. तोवर टोफू परतायचा, लसूण, कांदा, गाजर, मोड आलेले मूग. मग चिंचेचं पाणी, गूळ, सोया सॉस, तिखट. शेवटी नूडल्स, आणि वरून शेंगदाण्याचं कूट, लिंबू. मूळ पदार्थात माशांचा सॉस असतो, आपण तो वगळला आहे. म्हणून सोया सॉसच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मी दोन वेळा वाचली. मासा नाही. आचाऱ्याला अकरा मिनिटं लागली आणि त्यात तो दोनदा फोनवर बोलला. पण तो नऊ वर्षं हेच करतो आहे. पाकीट विकत घेणारी बाई नऊ वर्षं हेच करत नसणार.

दुपारी डबा खाल्ला, एकटीनेच. लांब टेबलावर बाकी सगळे बसतात. मी गेले तर सरकून जागा देतील, पण मग काय बोलायचं ते सुचणार नाही. म्हणून जिन्याशेजारच्या खिडकीत उभी राहून खाते.

८ मार्च

पहिली चाचणी. मी वाचायचं, आईने करायचं.

आईइतकं चांगलं रांधणारी बाई आमच्या अख्ख्या इमारतीत नाही. तेल तापलं की नाही हे ती शेजारच्या खोलीतून आवाजावरून सांगते. मला वाटलं, अर्ध्या तासात उरकेल.

"मध्यम आकाराचा एक कांदा," मी वाचलं.

आईने कांद्यांची टोपली जमिनीवर ओतली आणि लहानापासून मोठ्यापर्यंत कांद्यांची रांग लावली. सतरा निघाले. दोन्ही टोकांकडून मोजत ती नवव्यावर आली. "हा मध्यम."

"अगं, कोणताही घे."

"कोणताही असं लिहिलंयस का?"

पुढे 'टोफू सोनेरी होईपर्यंत परता'. तिने बोटातली अंगठी काढली, साबणाने धुतली आणि कढईशेजारी धरली. "अजून नाही," म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "अजून नाही." मग म्हणाली, "ही अंगठी जुनी आहे, काळवंडलीय थोडी. नव्या अंगठीसारखा करायचा की असा?"

'चवीनुसार मीठ' आलं तेव्हा तर कामच थांबलं. कुणाच्या चवीनुसार? मी म्हटलं, आपल्या. ती म्हणाली, आपल्या म्हणजे कुणाच्या, दादाला खारट लागतं आणि तुला अळणी. दादा आंघोळ करत होता. त्याचं मत दाराआडून घेण्यात आलं.

आणि मग नूडल्स. मी लिहिलं होतं: 'नूडल्स गरम पाण्यात आठ मिनिटे ठेवा. नंतर कढईत घाला.' आईने पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि पाण्यासकट कढईत ओतलं. कढई भरून वाहिली, शेगडी विझली.

"पाणी काढून टाकायचं असतं ना आई! एवढं रांधतेस, तुला माहीत नाही?"

"माहीत आहे की."

"मग?"

"तू लिहिलं नव्हतंस. मला वाटलं, शिकलेल्यांची काही वेगळी रीत असेल."

एक तास बावीस मिनिटं. दादा टॉवेल गुंडाळून आला आणि ताटलीत डोकावला. "मास्तरीणबाई, हे सूप आहे की माझ्या बादलीतलं उरलेलं पाणी?" असं म्हणून दोन वाडगे खाल्ले. टॉवेल माझा होता. तो नेहमी माझाच घेतो आणि ओला पलंगावर टाकतो.

चूक माझी आहे. माझ्या कागदापुढे आई परीक्षेला बसल्यासारखी उभी राहते. तिला येत नाही असं नाही. पण लिहिलेलं म्हटलं की ती स्वतःचं सगळं बाजूला ठेवते. म्हणजे मी जे लिहिणार नाही, ते होणारच नाही. ही फार मोठी जबाबदारी आहे.

११ मार्च

मजकूर सुधारला. 'कोणताही एक कांदा.' 'पाणी पूर्ण काढून टाका.' मीठ 'पाव चमचा', म्हणजे कुणाच्या चवीचा प्रश्न नाही. टोफूचं अडलं. 'सोनेरी' ऐवजी 'दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटे' लिहिलं.

मॅडमना विचारलं, पंधरा मिनिटं कधीपासून मोजायची? त्या म्हणाल्या, "शेगडी पेटली की. चिराचिरी धरायची नसते."

"मग चिरतं कोण?"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चित्रकार मधेच म्हणाले, "घड्याळ छापून झालंय हां. ते आता पुसता येत नाही." हे ते रोज म्हणतात.

मी चिराचिरी धरणार आहे.

१२ मार्च

आजचा चहा बरा होता. म्हणजे चक्क चहासारखा लागला. साखर संपली असावी असं वाटून डबा पाहिला, तर शिगोशीग भरलेला. आईचा हात चुकला असेल.

आज डब्यात दुप्पट खाणं होतं. विचारलं तर म्हणाली, "एकटीनं खायला दिलंय का? चार जणांत बस, वाटून खा." एवढ्या खाण्याचं करायचं काय म्हणून चित्रकारांना दिलं. ते लांब टेबलावर बसतात, तेव्हा मलाही तिथेच बसावं लागलं. काही बोलायची वेळ आली नाही, कारण ते सबंध वेळ घड्याळाबद्दल बोलत होते.

संध्याकाळी आईने दादाला ओल्या टॉवेलावरून असं काही फैलावर घेतलं की तो दिवसभर सामान पोचवणारी गाडी चालवून आलेला माणूस जिन्यात जाऊन बसला. "आईला अचानक काय झालं?" तो मला विचारत होता. मला कसं ठाऊक असणार!

१५ मार्च

दुसरी चाचणी. अडतीस मिनिटं. मोठीच प्रगती, पण मनाला टोचणी लागली आहे. पत्रकावर 'स्वतः वाचून' असं स्पष्ट आहे. मी वाचते, आई करते. ती कुठे अडली की माझा आवाज आपोआप बदलतो, आणि तिला माझ्या आवाजावरून कळतं की चुकलं. म्हणजे ही माझी मदतच झाली.

तिने मधेच कागद मागितला. "चिंच कुठं लिहिलीय?" मी बोट ठेवून दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "डोक्यावर टिकली दिलीयस ती बरोबर आहे." मी नुसती हसले. ती कधी कधी असं काहीतरी बोलते.

माझे जुने कच्चे कागद टोपलीतून नाहीसे होतात. शेगडी पुसायला घेत असावी.

१६ मार्च

वाचता येणारी आणि कंपनीबाहेरची बाई हवी. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू! त्यांना वाचता येतं, त्या स्वयंपाक करतात, आणि आई गेले कित्येक महिने रोज लाँड्रीतून आली की तासभर त्यांच्याकडे काज-बटणं करायला जाते, तेव्हा नाही म्हणणार नाहीत.

नाही म्हणाल्या. मशिनवरून मान वर न काढता. "मला नको गं ते. दुसरी कुणीतरी बघ."

"दुसरं कुणी नाही हो काकू."

"घरातच बघ की जरा."

"घरात दादा आहे."

काकू मशीन थांबवून हसायला लागल्या. त्यांना हसताना मी फारसं पाहिलेलं नाही. आई शेजारी बसली होती. तिच्या बोटांना निळा खडू लागला होता, कपडा बेततात तो. एवढी शिलाईकामात मदत करते, पण माझ्या बाहीचं बटण महिनाभर तुटलेलं आहे ते काही लावत नाही.

१७ मार्च

सकाळी मीठ सापडेना. आईने सगळ्या बरण्या नव्याने लावल्या आहेत. वर्षानुवर्षं मीठ आणि तिखट शेगडीशेजारी होतं, साखर आणि चहा एकत्र. आता ओळ अशी: गूळ, चहा, चिंच, तिखट, तेल, मिरी, मीठ, शेंगदाणे, साखर. चहा एकीकडे आणि साखर पार दुसऱ्या टोकाला! काही अर्थच नाही या रचनेला. "असंच बरं पडतं," ती म्हणाली. तिचं वय होत चाललंय का, या विचाराने दिवसभर कामात लक्ष नव्हतं.

१८ मार्च

तिसरी चाचणी, दादा. मी दाराबाहेर थांबले, कारण मदत नको.

"झालं!" नऊ मिनिटांनी तो ओरडला. "नऊ! पंधराचे नऊ करून दाखवले! सही कुठं करू?"

टोफू कच्चा. गाजर अख्खं, एका बाजूने कुरतडल्यासारखं. नूडल्स अशा की त्यांनी जोडे शिवता येतील. मी विचारलं, सगळ्या ओळी वाचल्यास ना? तो म्हणाला, पहिली वाचली आणि शेवटची वाचली, मधलं काय असणार ते कळतंच माणसाला. आईने एक घास खाल्ला, थोडा वेळ तो तोंडात तसाच ठेवला आणि म्हणाली, "लिंबू चांगलं होतं."

पण त्याने सही केली. मोठी, लांब शेपटीची. नऊ मिनिटे. सही खरी, वेळ खरा, कंपनीबाहेरचा माणूस खरा, स्वतः वाचलं हेही अर्धंमुर्धं खरं.

१९ मार्च

पत्रक पिशवीत घालून नेलं. मॅडमच्या दारापर्यंत तीनदा गेले. त्यांनी हाक मारली, "मिळालं का पत्रक?" मी म्हटलं, "मिळेल." खोटं बोलले. पिशवीतच होतं.

दिलं असतं तर त्यांनी न वाचता फाइलला लावलं असतं आणि मी कायम झाले असते. पण कुठेतरी एखादी बाई ते पाकीट घेईल. कामावरून दमून आलेली. घड्याळ बघेल, पंधरा मिनिटं लिहिलीत म्हणेल, आणि तास उलटून गेला तरी तिचं झालेलं नसेल. तिला वाटेल, चूक तिचीच. ती बाई माझ्यावर विश्वास ठेवणार. लिहिलेल्यावर कसा विश्वास ठेवतात ते मी घरात रोज पाहते.

पत्रक नाही दिलं तर नोकरी जाईल. आईने मला शिकवण्यासाठी काय काय केलं ते मला माहीत आहे. लाँड्रीत तिला चिठ्ठ्या वाचता येत नव्हत्या, म्हणून ती प्रत्येक गाठोड्याला निराळ्या रंगाच्या दोऱ्याची गाठ मारायची आणि चाळीस गाठोडी पाठ ठेवायची. आणि मी आठ ओळींवरून नोकरी घालवणार. तिला हे कोणत्या तोंडाने सांगू? सांगणार नाही.

२१ मार्च

कपड्यांच्या घड्या घालता घालता आई एकदम म्हणाली, "नोकरी काय, दुसरी मिळेल. खोटी सही देऊ नकोस."

मी चाट पडले. तिला पत्रकाचं सांगितलं होतं का मी? सांगितलं असेन. हल्ली माझं डोकं ठिकाणावर नाही.

दादाचं पत्रक फाडलं. तो म्हणाला, "माझा विक्रम होता तो!"

२२ मार्च

हातात नऊ दिवस, आणि वाचणारं कुणी नाही. या वहीला मशिनच्या तेलाचा वास कसा येतो आहे? तांदळाला कीड लागू नये म्हणून आईने डब्याला काही चोळलं असेल.

२९ मार्च

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी आई म्हणाली, "आज मी करते. तू बाहेर बस."

"वाचणार कोण?"

"तू बाहेर बस म्हटलं ना. घड्याळ घे."

मी उंबऱ्याबाहेर बसले, दार उघडंच होतं. तिने माझा कागद मिठाच्या बरणीला टेकवून उभा केला. पदराला हात पुसले. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मग मला आवाज ऐकू आला, आणि तो आवाज मी याआधी कधीच ऐकलेला नव्हता. जड ओझं जिन्यावरून एकेक पायरी चढवावं तसा.

"नू. नूड. नूड-ल्स. नूडल्स. गर-म. गरम पा-ण्या-त."

मी उठले. जिन्यातून शिंपीणकाकू खाली येत होत्या. त्यांनी माझा खांदा दाबून मला खाली बसवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. "मदत करायची नाही ना? मग गप बस."

"काकू, हे... ही काज-बटणं..."

"हीच. आठ महिने झाले. तू नोकरीचा अर्ज लिहीत होतीस ना, त्या दिवशी आली माझ्याकडे. म्हणाली, पोरगी काय लिहिते ते मला कळलं पाहिजे."

टोफूपाशी ती फार अडली. ट ला काना दिला, मग मात्रा दिली, मग ओळ सोडून दिली, मग परत आली. "टो-फू. हां. मेल्या, तू होय!" हे टोफूला. 'पाणी पूर्ण काढून टाका' वाचल्यावर तिने माझ्याकडे वळून पाहिलं आणि डोळे मिचकावले. एकदा सोया सॉस वाचताना गॅस मोठा राहिला आणि लसूण करपायला लागला. माझ्या तोंडून आवाज निघणार होता, पण काकूंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या हाताला मशिनच्या तेलाचा वास होता. आईने बोट ओळीवरच ठेवून दुसऱ्या हाताने गॅस बारीक केला. ते लिहिलेलं नव्हतं. ते तिने आपलं आपण केलं.

एकेचाळीस मिनिटं. मी दोन रकाने केले होते: बोट कागदावर असतानाची सत्तावीस, हात कामात असतानाची चौदा.

नूडल्स अशा झाल्या होत्या की दादाने टोमणा मारला नाही.

"लिही, एकेचाळीस," आई म्हणाली.

"आई, पुढे पंधरा छापलंय."

"असेल. लागली एकेचाळीस. घड्याळ तूच धरलं होतंस."

मग तिने पेन घेतलं. मी सवयीने शाईची डबी शोधायला उठले होते. अंगठ्यासाठी. तिने मला पाहिलं आणि पाहिल्या न पाहिल्यासारखं केलं. सहीला चार मिनिटं लागली, ती मी कशातच धरलेली नाहीत. जीभ दातांत धरून, वरची रेघ आधी मारून, तिने आपलं नाव लिहिलं. शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं. "जागा कमी ठेवतात," ती म्हणाली.

जे बोलायचं होतं ते इथे लिहिते. आई, मी शाळेत ज्या दिवशी पहिलं वाक्य वाचलं त्या दिवशी तू सगळ्या जिन्याला सांगत सुटली होतीस. आज मला तसंच सगळ्या जिन्याला सांगत सुटायचं होतं. पण सगळ्या जिन्याला आधीच माहीत होतं. मीच तेवढी राहिले होते.

३१ मार्च

मॅडमनी पत्रक हातात घेतलं. "एकेचाळीस?"

"हो. त्यातली चौदा मिनिटं स्वयंपाकाची आहेत, चिराचिरी धरून. सत्तावीस वाचनाची. वेगळी नोंद मागे जोडली आहे."

"वाचायला सत्तावीस मिनिटं? आठ ओळी?"

"माझ्या आईने वाचल्या. आठ महिन्यांपासून शिकते आहे."

"घड्याळ पुसता येत नाही," चित्रकार म्हणाले, पण त्यांनी ते हळू म्हटलं. मॅडम सहीकडे पाहत होत्या. चौकटीबाहेर गेलेल्या अक्षरावरून त्यांनी नखाने रेघ ओढली.

"आता याचं काय करायचं?"

ते मी ठरवून गेले होते. "घड्याळ खोटं नाही. ते फक्त उशिरा सुरू झालं पाहिजे. मला मागच्या बाजूला अजून एक ओळ द्या, सगळ्यांत वर." आणि मी लिहून नेलेली ओळ पुढे केली:

'आधी सर्व ओळी वाचा. वाचायला हवा तेवढा वेळ घ्या. मग घड्याळ लावा.'

मॅडमनी वाचली. परत वाचली. "हे आजवर कुठल्याच पाकिटावर नव्हतं," म्हणाल्या. मग चष्मा लावला. "ठीक. टाक. आणि उद्यापासून वेळेवर ये."

"मी रोज वेळेवरच येते."

"अगं, कायम झालीस असं सांगतेय मी!"

चित्रकार ती ओळ मोठ्या अक्षरांत टाकणार आहेत. नव्याने वाचणाऱ्यांना बारीक अक्षर जड जातं, असं म्हणाले. दुपारी डबा लांब टेबलावर खाल्ला. मीच बोलत होते.

२ एप्रिल

सकाळी चहासाठी बरण्यांकडे हात केला आणि तिथेच थांबले. गूळ, चहा, चिंच, तिखट, तेल. ग, च, च, त, त. मिरी, मीठ. शेंगदाणे. साखर. मुळाक्षरांच्या क्रमाने! आणि मी तिच्या वयाची काळजी करत होते.

मग हळूहळू एकेक उलगडत गेलं. चहा. दुप्पट डबा. टॉवेल. 'खोटी सही देऊ नकोस.'

मी वही उघडली. ३ मार्चच्या पानावर, कडेला, निळ्या खडूचं बोट उमटलं आहे. ५ मार्चला दोन. ८ ला प्रत्येक ओळीशेजारी. जिथे वाचन थांबलं तिथे खूण, दुसऱ्या दिवशी तिथून पुढे. माझी वही हे तिचं वाचनाचं पुस्तक होतं! आणि मशिनच्या तेलाचा वास. म्हणजे काकूंकडे धडे व्हायचे. म्हणजे काकूंनीही सगळं ऐकलं. चमचा उभा राहावा हेही. बटणाचंही. मी सरळ दुकानात गेले आणि कुलपाची छोटी पेटी मागितली. दुकानदाराने तीन दाखवल्या. तिन्ही नीट पाहिल्या, उघडून लावून पाहिल्या, एकीची किल्ली अडकते असं त्याला सांगितलं, आणि हात हलवत परत आले.

आल्यावर बाहीचं बटण लावलेलं होतं. निळ्या शर्टाला हिरवा दोरा.

शेवटची खूण २२ तारखेवर आहे. म्हणजे २९ चं पान तिने अजून वाचलेलं नाही.

वही पुन्हा तांदळाच्या डब्यावर ठेवते आहे. मी आता अक्षर जरा मोठं आणि सुटं काढेन.

आई, २९ चं पान लांब आहे आणि त्यात जोडाक्षरं खूप आली आहेत. वाचायला हवा तेवढा वेळ घे. आणि उद्यापासून चहात साखर होती तेवढी घाल. या फिक्या चहाची मला सवय होत नाही.